बाळ पाच महिन्यांचं आणि कामावर रुजू व्हायची तारीख

माझी मुलगी पाच महिन्यांची असताना मी कामावर परत गेले. राहायला सांगलीत विश्रामबागला, आणि बँकेची शाखा तासगावला. माधवनगर, बुधगाव, कवलापूर, कुमठे करत जायचं म्हणजे पंचवीसेक किलोमीटर. तारीख आली ती फेब्रुवारीच्या शेवटी. तासगावात तेव्हा द्राक्षाचा हंगाम पेटलेला असतो, बागायतदारांची काउंटरला रीघ असते आणि पुढ्यात मार्च एंडिंग उभं असतं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. दूध कसं काढून ठेवायचं ते नर्सबाईंनी सांगितलं, बाळ रात्रभर कसं झोपवायचं ते शेजारच्या काकूंनी, रजेचं युनियनच्या साहेबांनी. पण तिन्ही गोष्टींचा हिशेब एकाच वहीत लिहायचा असतो, हे कुणी सांगितलं नाही. रात्रीचं पाजणं तोडलं की दिवसाचं दूध आटतं. दिवसा ऑफिसात दूध काढलं नाही की रात्री गाठी होतात. आणि बाळाची झोप सुधारायच्या नादात आपण नेमकी आपलीच झोप घालवून बसतो. म्हणून हे सगळं ज्या क्रमानं करावं लागतं, त्याच क्रमानं लिहिते.

पोटुशी असतानाच रजेचं गणित मांडा

मातृत्व लाभ कायदा मूळ १९६१ चा, नोव्हेंबर २०२५ पासून त्यातल्या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन बाळंतपणांची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. इथंच गोम आहे. आठही आठवडे आधी संपवले तर नंतर उरतात १८, म्हणजे बाळ जेमतेम चार महिन्यांचं. मी चार आठवडे आधी घेतले, २२ उरले. तब्येत साथ देत असेल, डॉक्टर हो म्हणत असतील तर आधीची रजा जपून वापरा. शेवटच्या महिन्यात घरी पाय लांब करून बसण्यापेक्षा पाचव्या महिन्यातले चार आठवडे सोन्याचे असतात. आधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं, तेवढं तपासून घ्या. जिल्हा परिषदेच्या शिक्षिका आणि राज्य सरकारी नोकरीतल्या बायकांना १८० दिवस मिळतात, म्हणजे जवळपास तेवढेच.

बेदाण्याच्या शेडवर, पॅकिंग हाऊसला रोजंदारीवर जाणाऱ्या बायकांना प्रत्यक्षात यातलं सहसा काहीच मिळत नाही. त्यांच्यातल्या पुष्कळ जणी दोन-अडीच महिन्यांत कामावर असतात. पुढचं हातानं दूध काढायचं त्यांच्यासाठीही आहे, त्याला पैसे लागत नाहीत.

महिनाभर आधी: दूध काढायचा हात बसवा

रुजू व्हायच्या आदल्या दिवशी पंप उघडून बसू नका. मी तेच केलं असतं, पण माझ्या वहिनीनं फोनवरून झापलं. चार आठवडे आधी दिवसातून एकदा सुरुवात करा. वेळ सकाळची, बाळ पिऊन झाल्यावर साधारण तासाभरानं. सकाळी दूध जास्त असतं.

आधी हातानं काढायला शिका. लाइट गेली, पंप बंद पडला, घरी विसरला, तरी हात बरोबरच असतात. हात साबणानं धुवायचे. रुंद तोंडाची स्टीलची वाटी उकळत्या पाण्यातून काढून घ्यायची. गरम पाण्यात पिळलेल्या टॉवेलनं दोन मिनिटं शेक द्यायचा. अंगठा वर, बोटं खाली, काळ्या भागाच्या कडेशी. आधी छातीच्या दिशेनं मागं दाबायचं, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडं आणायची, सोडायचं. दाबा, आणा, सोडा. बोंडाला ओढायचं नाही, कातडीवरून बोटं घसरू द्यायची नाहीत. पहिली दोन मिनिटं नुसते थेंब येतात, मग एकदम धार लागते. हाच पान्हा. पहिल्या दिवशी मला वाटीच्या तळाला जेमतेम दोन चमचे मिळाले आणि मी रडले. आठव्या दिवशी साठ मिली होतं. हातानं दोन्ही बाजूंना मिळून वीस-तीस मिनिटं लागतात, दोन्हीकडं एकदम लागणारा इलेक्ट्रिक पंप पंधरा मिनिटांत काम उरकतो. पंपाचे दुधाला लागणारे भाग वापरल्यावर लगेच धुवायचे आणि दिवसातून एकदा उकळायचे.

किती लागेल? एक ते सहा महिन्यांचं बाळ दिवसभरात साधारण ७५० मिली पितं, आणि हा आकडा त्या पाच महिन्यांत फारसा वाढत नाही. तासाला अंदाजे तीस मिली धरा. नऊ-दहा तास घराबाहेर असाल तर २७० ते ३०० मिली. बाटल्या भरभरून फ्रीजर ओसंडून वाहणारे फोटो पाहून जीव घाबरा करून घेऊ नका. पहिल्या दिवसाचं दूध आणि वर दोन दिवसांचा शिलकी साठा पुरतो. कारण पुढं रोज ऑफिसात काढलेलं दूध दुसऱ्या दिवशी बाळाला जातं.

साठवण, आणि आमच्या आत्यांचा साबण

खोलीत, म्हणजे २५ अंशांपर्यंत, काढलेलं दूध चार तास टिकतं. आता एप्रिलात सांगलीत २५ अंश कुठं मिळतात? चाळिशीच्या आसपास पारा असतो तेव्हा काढलेलं दूध थेट फ्रीजमध्ये किंवा बर्फाच्या डब्यात. फ्रीजमध्ये आतल्या बाजूला, दारात नव्हे, चार दिवस. फ्रीजरमध्ये सहा महिने. गोठलेल्या बर्फपिशव्या घातलेल्या आइसबॉक्समध्ये २४ तास. गोठवलेलं फ्रीजमध्ये पूर्ण वितळलं की २४ तासांत संपवायचं, पुन्हा गोठवायचं नाही. बाळानं उष्टं केलेलं दोन तासांनंतर ओतून द्यायचं. साठ-साठ मिलीच्याच डब्या भरा, म्हणजे ओतून द्यावं लागलं तरी जीव कमी तुटतो. झाकणावर तारीख, वेळ. गरम करायचं ते कोमट पाण्याच्या भांड्यात डबी ठेवून. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही. वर साय जमलेली दिसते, हलकेच फिरवलं की मिसळते.

एका दुपारी आत्यांचा, म्हणजे सासूबाईंचा, फोन आला. "अगं, दूध नासलंय. साबणासारखं वासतंय. बाळाला कसं देऊ?" काउंटरला माणसं उभी आणि माझ्या पोटात गोळा. संध्याकाळी डॉक्टरांना विचारलं तेव्हा कळलं, काही बायकांच्या दुधात चरबी फोडणारा पाचक घटक जास्त असतो, ठेवलेल्या दुधाला त्यामुळं साबणासारखा वास येतो. दूध खराब नसतं, पण काही बाळं ते तोंडात घेत नाहीत. उपाय असा की काढल्याबरोबर, गोठवण्याआधीच, कडेला बारीक बुडबुडे दिसेपर्यंत तापवायचं, उकळी फुटू द्यायची नाही, आणि लगेच गार करायचं. वास बसल्यावर तापवून उपयोग नाही. खरंच नासलेल्या दुधाला आंबूस वास येतो, साबणाचा नाही.

आत्यांना पहिले काही दिवस "शिळं दूध" हा शब्दच सोडवत नव्हता. मी वाद घातला नाही. ताज्या दुधाची डबी आणि कालची डबी, दोन्ही त्यांच्या हातात दिल्या, वास घ्यायला लावला. त्यानंतर तारखा तपासणारं घरातलं सगळ्यात कडक माणूस त्याच झाल्या.

दोन आठवडे आधी: पाजणारं माणूस बदला

आई समोर असताना बाळ दुसऱ्या कुणाच्या हातून पीत नाही. वासच येतो ना. म्हणून सराव करताना तुम्ही घराबाहेर पडा, निदान गच्चीवर जा. बाटलीची गरज नाही. बारशाला आलेलं बोंडलं माळ्यावरून काढा, नाहीतर वाटी-चमचा. बाटलीच्या निपलची सवय लागलेली काही बाळं अंगावर घ्यायला कुरकुरतात, शिवाय बाटली नीट धुणं दिवसातून चार वेळा कुणाला जमतं? बाळ मांडीवर बसतं धरायचं, आडवं नाही. बोंडल्याचं टोक ओठाच्या कडेला लावायचं आणि त्याच्या गतीनं जाऊ द्यायचं, ओतायचं नाही. माझ्या मुलीनं पहिले तीन दिवस निम्मं झबल्यावर सांडलं. चौथ्या दिवशी आत्यांनी भूक कडकडून लागायच्या आधीच दिलं, तेव्हा घेतलं. भुकेनं रडणाऱ्या बाळाला नवीन काही शिकवता येत नाही.

सहा महिन्यांपर्यंत पाणी, गुटी, म्हशीचं पातळ केलेलं दूध, काही नाही. उन्हाळ्यातसुद्धा पाणी नाही. मध तर वर्षाच्या आत चाटणभरसुद्धा नाही. दूध खरंच कमी पडत असेल तर आधी बाळाचं वजन आणि दिवसातली ओली दुपटी मोजा. सहा किंवा जास्त असतील आणि वजन वाढत असेल तर दूध पुरतंय. तरीही वरचं द्यायची वेळ आली तर बालरोगतज्ज्ञांना विचारून द्या, आणि त्यात काही कमीपणा मानू नका.

साहेबांशी बोला, पण लेखी

बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीशिवाय दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी सवड मिळणं हा कायदेशीर हक्क आहे. ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी आणि तिथं दिवसातून चार वेळा जायची मुभा हवी. आमच्या शाखेत माणसं नऊ, त्यामुळं पाळणाघराचा प्रश्नच नव्हता. मी चार ओळींचा अर्ज दिला: "माझे बाळ पाच महिन्यांचे असून मी स्तनपान करीत आहे. कामाच्या वेळेत सकाळी ११.३० व दुपारी ३.०० वाजता प्रत्येकी वीस मिनिटे व आतून कडी असलेली खोली मिळावी, ही विनंती." वेळ आणि मिनिटं आकड्यात लिहिल्यामुळं समोरच्याला नाही म्हणायला जागा राहिली नाही. साहेब जरा लाजले, सही केली, विषय संपला.

खोली मिळाली ती रेकॉर्ड रूम. जुन्या व्हाउचरांचे गठ्ठे, एक प्लास्टिकचं स्टूल, पंखा नाही. कडी बाहेरून होती, म्हणून आमच्या क्लार्क मावशी दाराशी उभ्या राहायच्या आणि कुणी आलं की मोठ्यानं "स्टॉकटेकिंग चाललंय" म्हणायच्या. फ्रीजही नव्हता. तासगावात बेदाण्याला जिकडंतिकडं कोल्ड स्टोरेज, आणि माझ्या तीन डब्यांना जागा नाही! म्हणून आइसबॉक्स.

त्या खोलीत पान्हा फुटेना. मग पर्समध्ये मुलीनं रात्री घातलेलं, न धुतलेलं झबलं ठेवायला लागले. ते नाकाशी धरायचं, मोबाइलवर तिचा हसण्याचा व्हिडिओ लावायचा, खांदे सैल सोडायचे. मिनिटाभरात धार. बाळाच्या वासानं आणि आवाजानं पान्हा येतो हे काही भाबडेपण नाही, शरीर तसंच चालतं. वाटीकडं बघत "किती झालं, किती झालं" मोजत बसलं की मात्र आटतं. वाटीवर रुमाल टाका.

कपड्यांचं लवकर आटपते: पुढून बटणं असलेले, गडद नक्षीचे कुर्ते, आत सुती पंचाच्या चौघड्या, पर्समध्ये एक जादा ओढणी. डब्या रबरी रिंगच्या. साध्या झाकणाची डबी मी एकदाच वापरली. कवलापूरच्या पुढं स्पीडब्रेकरवर स्कूटी उडाली आणि नव्वद मिली दूध बॅगेच्या तळाला, चेकबुकासकट.

एसटीनं जाणाऱ्यांसाठी स्टँडवर हिरकणी कक्ष असतात. एका स्टँडवर मला त्याला कुलूप दिसलं, किल्लीवाल्याचा पत्ता नव्हता. चौकशी खिडकीवर जाऊन मोठ्यानं मागितली की किल्ली सापडते. रायगडाच्या हिरकणीची गोष्ट आपण कड्याची आणि धाडसाची म्हणून सांगतो. मला आता ती दूध विकायला कामावर गेलेल्या, परतायला उशीर झालेल्या, छाती दाटून आलेल्या बाईची गोष्ट वाटते.

रात्र: बाळाची झोप बदलू नका, मोठ्यांची झोप वाटून घ्या

साधारण चौथ्या महिन्याच्या आगेमागे बाळाच्या झोपेची घडण बदलते. मोठ्यांसारखी गाढ झोप आणि सावध झोप आलटून पालटून यायला लागते, आणि आधी सलग पाच तास झोपणारं बाळ दर दीड-दोन तासांनी चाळवतं. नेमकी तेव्हाच रजा संपते. घरातले म्हणतात, दूध कमी झालंय, पोट भरत नाही, खिमट द्या. ते खरं नसतं. सहा महिन्यांच्या आत खिमट दिल्यानं बाळाच्या झोपेत फारसा फरक पडत नाही.

त्यात आणखी एक भर. मी कामावर जायला लागल्यावर मुलगी दिवसा बोंडल्यानं जेमतेम दीडशे मिली घ्यायची आणि मी घरी आले की रात्रभर भरपाई करायची. बऱ्याच बाळांचं असं होतं. पहिल्या आठवड्यात मला वाटलं मी मरणार. पण रात्री दूध तयार करणाऱ्या संप्रेरकाचं प्रमाण जास्त असतं. रात्री पाजलं की दुसऱ्या दिवशीच्या डब्याही नीट भरतात. म्हणजे रात्रीचं पाजणं तोडायचं नाही. मग तोडायचं काय? पाजणं सोडून बाकी सगळं.

आमच्याकडं अशी विभागणी ठरली. घरी पोचल्याबरोबर हातपाय धुवून मी थेट पाजायला बसायची, चहा हातात आणून मिळायचा. साडेआठला कोमट पाण्यानं अंग पुसणं, मंद दिवा, पाजणं. नऊ वाजता मी झोपायची. जेवणाची भांडी, उद्याच्या डब्या धुणं-उकळणं, ढेकर, लंगोट, खांद्यावर घेऊन फेऱ्या, सगळं ह्यांच्याकडं. साडेबारापर्यंत मला उठवायचं ते फक्त भुकेलाच. हा साडेतीन तासांचा सलग तुकडा मिळाला तर पुढं दोनदा उठायला काही वाटत नाही. पहाटे पाचच्या पाजण्यानंतर मामा, म्हणजे सासरे, तिला घेऊन गल्लीत चक्कर मारायचे. मला साडेसहापर्यंत आणखी एक तुकडा. पुरुषांना दूध येत नाही, एवढंच त्यांना जमत नाही. बाकीचं सगळं जमतं. हे आमच्या ह्यांना सांगायला मला तीन दिवस लागले, त्यांना कळायला एक रात्र पुरली: मी तापानं पडले ती.

रात्री पाजायला बसून राहू नका, कुशीवर झोपून पाजा. बाळ आपल्याकडं तोंड करून कुशीवर, पोटाला पोट, त्याचं नाक बोंडासमोर, पाठीला आपला हात. पाजून झालं की बाळाला पाठीवर, वेगळ्या टणक सपाट गादीवर, आपल्याच खोलीत. आसपास उशी, जाड गोधडी, मऊ खेळणी नकोत. डोक्याला आकार यावा म्हणून मोहरीची उशी देतात, तीही काढा. सोफ्यावर किंवा खुर्चीत पाजता पाजता डोळा लागणं सगळ्यात धोक्याचं. दारू, सिगारेट किंवा गुंगीचं औषध घेतलेल्या माणसानं बाळाशेजारी झोपू नये.

दिवसाच्या झोपेची सूत्रं आत्यांच्या हाती. पाच महिन्यांचं बाळ जागं झाल्यापासून साधारण दोन तासांत पेंगुळतं. कान ओढणं, डोळे चोळणं, एकटक शून्यात बघणं, ही खूण. रडायला लागलं म्हणजे वेळ टळली. आत्यांनी जुन्या नऊवारीची झोळी बांधली होती. झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो, म्हणून आमचा नियम: झोळीत झोपवा, पण कुणीतरी समोर बसून, आणि डोळा लागला की गादीवर.

३१ मार्च

त्या दिवशी दुपारी एकनंतर मला रेकॉर्ड रूमकडं फिरकताच आलं नाही. रात्री साडेनऊला घरी पोचले तेव्हा छाती दगड, काखेपर्यंत ठणका, अंगात कणकण. मुलगी शिलकी साठ्यावर निभावली होती. अशा वेळी पाजण्याआधी थोडा गरम शेक, दुखऱ्या बाजूनं आधी पाजायचं, पाजून झाल्यावर गार पट्टी. गाठ जोरजोरात रगडायची नाही. पाजणं थांबवायचं तर मुळीच नाही, बाळाला त्या दुधानं काही होत नाही. चोवीस तासांत ताप उतरला नाही, लाल चट्टा पसरला, तर डॉक्टर गाठा, स्तनपानात चालणारी औषधं असतात. मला दुसऱ्या दिवशी सकाळी मोकळं वाटलं. तेव्हापासून पाच मिनिटं का होईना, तीन वाजता उठायचंच. पूर्ण काढायला वेळ नसेल तर दाब उतरेल एवढंच काढा.

आणि मन. बाळंतपणानंतर दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत रडू येत असेल, बाळाबद्दल काही वाटेनासं झालं असेल, बाळ झोपलं असतानाही झोप लागत नसेल, तर त्याला थकवा म्हणून घरात दाबून ठेवू नका. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

सहा महिने झाल्यावर

नाचणीचं सत्त्व, मऊ वरणभात सुरू झाला की दिवसाचं दूध हळूहळू कमी लागतं. तरी अंगावरचं दूध दोन वर्षं आणि पुढंही चालू ठेवायला हरकत नाही. ऑफिसातली एक वेळ बंद करायची तर एकदम नाही. चार-पाच दिवस वेळ थोडी थोडी कमी करत आणायची, नाहीतर पुन्हा गाठी. मी दहाव्या महिन्यात साडेअकराची वेळ सोडली, वर्षानंतर तीनची. रविवारी नुसतं अंगावर.

आइसबॉक्स आता ह्यांचं ताक घेऊन जातो. रेकॉर्ड रूमच्या दाराला मात्र आतून कडी बसली. आमच्या शाखेतल्या नव्या ऑफिसर मॅडमना जूनमध्ये दिवस भरतायत.